टिनाखालची खोली थंड कशी करायची: विदर्भातल्या जुन्या घरांसाठी पायरी-पायरीनं, खर्च, अनुदान आणि परवानगीसह

आमच्या घरात दोन खोल्यांना एकच उंबरठा आहे. मागची खोली आजोबांच्या काळची, दीड हात जाड मातीच्या भिंती, वर देशी कवेलू (कौलं). पुढची खोली नंतर बांधलेली, नऊ इंची विटांची, वर टिन. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत पाय टाकला की अंगावरून कुणी ओलं फडकं फिरवल्यासारखं वाटतं. आमचं कुत्रं ऊन तापलं की बरोबर त्या उंबरठ्याच्या आतल्या बाजूला येऊन पडतं. तरीही माझ्या वडिलांनी एका वर्षी ठरवलं होतं की मागची खोली पाडून तिथंही टिन टाकायचं. माकडं कवेलू फोडतात, दरवर्षी ते फेरायला, म्हणजे काढून पुन्हा नीट रचायला, माणूस मिळत नाही, पावसाळ्यात चार ठिकाणी गंगाळं ठेवावी लागतात. कारणं खरी होती.

गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्यांना थांबवलं. "भिंतीले हात नको लावू बापू. भिंतीनं तुह्यं काईच बिघडवलं नाई. तपते ते टिन."

गेल्या काही वर्षांत मी स्वतःच्या घरात आणि नातेवाइकांच्या चार-पाच घरांत हे काम केलं, त्याचा अनुभव मिस्त्रीच्या या वाक्याबाहेर गेला नाही. उष्णतेपासून घर वाचवायचं म्हणजे आपल्याकडे सगळ्यात आधी छप्पर सुधारायचं. त्याला कारण आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला हा पट्टा साधारण 21 अंश अक्षांशाच्या आसपास येतो. मे संपताना नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागतो, तेव्हा भरदुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन नाममात्र लागतं. छपराला मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि पश्चिमेच्या भिंतीला तिसऱ्या प्रहरापासून दिवस बुडेपर्यंत. म्हणून पैसा याच क्रमानं लावायचा: आधी छप्पर, मग पश्चिमेची भिंत, मग दारं-खिडक्या, आणि शेवटी कूलर. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. आधी मोठा कूलर येतो, आणि तो तापलेल्या टिनाशी दिवसभर झुंजत राहतो.

आधी घर तपासा

एका कडक उन्हाच्या दिवशी दोन वेळा तपासायचं, दुपारी दोनला आणि रात्री दहाला. स्टुलावर उभं राहून तळहात छपराच्या खाली वीतभर अंतरावर धरायचा, पत्र्याला लावायचा नाही. टिनाचं छप्पर दुपारी आग ओकतं आणि दिवस मावळल्यावर तासाभरात निवतं, कारण पत्रा पातळ आहे, उष्णता साठवायला त्याच्यात जागाच नाही. स्लॅबचं उलटं. तो दुपारी त्या मानानं बरा वाटतो, पण दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री दहापासून पहाटेपर्यंत खाली सोडत बसतो. "रात्री पंखा गरम हवा फेकतो" ही तक्रार स्लॅबच्या घरातली, "दुपारी घरात बसवत नाही" ही टिनाच्या घरातली. आपली तक्रार कोणती, त्यावर उपाय ठरतो.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता चारही भिंतींना आतून हात लावून बघा. एखादी भिंत बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागली, तर ती बहुधा पश्चिमेची असते.

मग छपरावर चढून गळती, सडलेल्या बल्ल्या (छपराची लांब लाकडं), उधई (वाळवी) लागलेले फाटे बघून घ्या. गळकं छप्पर तसंच ठेवून खालून थर लावला की पाणी त्या थरात मुरतं, लाकूड आतल्या आत कुजतं आणि दिसतंही नाही. आधी गळती, मग बाकी सगळं. चढण्याची वेळ सकाळची ठेवा. टिनावर पाय कायम खालच्या आडव्या बल्लीच्या रेषेत, म्हणजे खिळ्यांच्या रांगेवर ठेवायचा. घरावरून किंवा शेजारून विजेची तार जात असेल तर पत्रा, बांबू, शिडी उभी करताना दोनदा वर बघा, आणि घराचा मेन स्विच बंद करा. जुन्या टिनात कधीकधी प्रवाह उतरलेला असतो.

छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते पत्रे कापायचे नाहीत, घासायचे नाहीत, नवी भोकं पाडायची नाहीत. त्याची बारीक धूळ फुप्फुसात गेली की कायमचा आजार होऊ शकतो. वरून रंग द्या, खालून स्वतंत्र सांगाड्यावर छत करा, पण पत्र्याला छेडू नका.

टिनाचं छप्पर

इथं सविस्तर लिहितो, कारण गावात सगळ्यात जास्त घरं आता याचीच आहेत आणि सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो. हिशेबासाठी बारा फूट बाय दहा फुटांची खोली धरू. वळचण धरून तिचं छप्पर साधारण 170 चौरस फूट भरतं. खाली दिलेले भाव अंदाजाचे आहेत, तालुक्याच्या बाजारात दोन दुकानं फिरून ते नीट करून घ्या.

पहिलं काम, वरून पांढरा रंग. अनेकांना वाटतं की नवं टिन चकचकीत आहे, ऊन परतवतं, मग रंग कशाला? चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो हे खरं, पण जे थोडं आत घेतो ते तो बाहेर सोडत नाही. चमकणाऱ्या धातूचा तो स्वभावच आहे, त्यामुळे तो तापतच जातो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो: ऊन परतवतो आणि घेतलेली उष्णता आकाशाकडे सोडतो. जुन्या, गंजून काळपट झालेल्या पत्र्यावर फरक आणखी जास्त.

टिनावर चुना लावू नका. तो पत्र्याला धरत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो, आणि ओला चुना जस्ताच्या थराला खातो. टिनासाठी बाहेरून वापरायचा पांढरा ॲक्रिलिक रंग किंवा दुकानात 'कूल रूफ' म्हणून मिळतो तो रंग घ्या. आधी तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, पाण्यानं धुवायचं, एक दिवस वाळवायचं, धातूसाठीचा प्रायमर मारायचा आणि मग दोन हात रंग. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेनं. दुपारी तापलेल्या पत्र्यावर मारलेला रंग ब्रशखालीच सुकतो आणि पापुद्र्यानं निघतो, म्हणून सकाळी दहापर्यंत काम संपवायचं. पत्र्याच्या नळ्यांमुळे प्रत्यक्ष क्षेत्र 190 चौरस फुटांपर्यंत जातं. सहा-सात लिटर रंग आणि प्रायमर मिळून अडीच ते साडेतीन हजार रुपये लागतात, हात घरचे असतील तर. तीन-चार वर्षांनी पुन्हा एक हात द्यावा लागतो, आणि दर होळीच्या सुमारास धूळ धुवून काढायची. मळलेलं पांढरं छप्पर पांढरं राहत नाही.

दुसरं काम, खालून छत. खरी कमाई इथं आहे. उष्णतेला अडवते ती अडकवून ठेवलेली हवा. तणस, कापूस, थर्माकोल, घोंगडी यांच्यात दुसरं काही नाही, बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली हवाच आहे. आपल्याकडे यासाठी बांबूचा तट्टा हाताशी आहे. बुरूडाकडून खोलीच्या मापाचे तट्टे विणून घ्यायचे. दोन-दोन फुटांवर बांबू आडवे टाकून ते भिंतीत किंवा बल्लीला पक्के करायचे आणि त्यावर तट्टे अंथरायचे. पत्रा आणि तट्टा यांच्यात निदान सहा ते नऊ इंच जागा हवीच. खालून तट्ट्याला माती, शेण आणि बारीक कुटार (भुसा) कालवून सारवण करायचं. त्यानं फटी बुजतात, धूळ पडत नाही, आणि उघड्या बांबूपेक्षा आगीचा धोका कमी होतो.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते सांगतो. पत्रा आणि छत यांच्यामधली गरम हवा बाहेर जायला वाट हवी. आढ्याखाली दोन्ही टोकांना भिंतीचा जो त्रिकोण असतो, तिथं प्रत्येकी एक-दीड फुटाचा झरोका सोडा आणि त्याला बारीक तारेची जाळी ठोका, नाहीतर उंदीर, चिमण्या आणि त्यांच्यामागून साप येतो. वाट बंद राहिली तर वरची पोकळी भट्टी होते आणि संध्याकाळपर्यंत छतच तापतं.

तट्टे अडीच हजार, बांबू हजार, मिस्त्री आणि मजूर दोन दिवसांचे साधारण सव्वादोन हजार. सहा हजारांच्या आसपास खोली होते. सारवण घरच्या बायकांनी केलं तर त्याचा पैसा लागत नाही, पण त्यांचे दोन दिवस लागतात, ते हिशेबात धरा.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाचा कोंडा, म्हणजे वरचं टरफल, गिरणीवर मिळतो. जुन्या पोत्यांत तो सैल भरून, थोडा चुना मिसळून, तट्ट्यावर चार इंच थरानं मांडला तर थंडाई आणखी वाढते. कोंडा कोरडा असला पाहिजे. तो भडकत नाही पण धुमसतो, म्हणून चुलीच्या खोलीवर आणि विजेच्या उघड्या वायरींजवळ नको. कापूस, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), कडबा छतावर भरायचा मोह कापसाच्या गावात होतोच. तो आवरा. एका ठिणगीनं सगळं घर जातं.

बांबू नको असेल तर बाजारात बुडबुड्यांच्या प्लास्टिकवर चंदेरी पन्नी चढवलेली गुंडाळी मिळते. चौरस फुटाला दहा ते पंधरा रुपये, मजुरी धरून खोली साडेतीन-चार हजारांत होते. तिचं गणित समजून घ्या. चंदेरी बाजू उष्णता खाली फेकत नाही, हाच तिचा गुण. पण त्यासाठी पन्नीच्या समोर हवेची निदान इंचभर पोकळी लागते. पत्र्याला घट्ट चिकटवलेली पन्नी जवळजवळ वाया जाते. चमकती बाजू खाली ठेवा, कारण वरच्या बाजूवर धूळ बसते आणि धुळीनं तिचा गुण मरतो. वरून चकाकी नको आणि खालून हवी, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण एकच आहे: चमकता पृष्ठभाग उष्णता सोडत नाही.

थर्माकोल मी स्वतः लावून पाहिला. एका दुकानदारानं सांगितलं की पत्र्याला डिंकानं चिकटवा, दहा वर्षं बघायला नको. दुसऱ्या मे महिन्यात डिंक सुटला, तुकडे वाकले, आणि एक तुकडा रात्री झोपलेल्या आईच्या पायावर पडला. त्याच्या वरच्या बाजूला उंदरांनी बोळ केले होते, आत चिंध्यांची घरटी. त्याचे साडेतीन हजार गेले. थर्माकोल वापरायचाच असेल तर पत्र्यापासून खाली, छताच्या पट्ट्यांवर मोकळा ठेवा, आगरोधक प्रकारचा घ्या, आणि चुलीच्या खोलीत कधीच लावू नका. पेटला की त्याचा धूर जीव घेतो.

नवंच छप्पर टाकायचं असेल तर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पॅनल येतात. चौरस फुटाला सव्वाशे ते पावणेदोनशे, म्हणजे आपली खोली बावीस ते तीस हजारांत. काम उत्तम. पण तेवढ्या पैशात चार खोल्यांचे तट्टे होतात, आणि माझं मत तट्ट्याच्या बाजूनं आहे. बुरूड गावात आहे, दुरुस्ती गावात होते.

कवेलूचं छप्पर

ज्यांच्याकडे ते अजून आहे त्यांनी ते सांभाळा. कवेलूंच्या फटींतून गरम हवा आपोआप निघून जाते. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, कवेलू फेरून घ्यायचे. फुटलेले बदलायचे, कामट्या पाहायच्या, कचरा काढायचा. देशी कवेलू घडवणारा कुंभार आता कमी गावांत उरलाय, म्हणून कुणी घर पाडत असेल तर त्याचे चांगले कवेलू उचलून सांदवाडीत (परसात) रचून ठेवा.

माकडांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. बोरीच्या काट्या आढ्यावर आणि वळचणीवर बांधल्यानं बरंच थांबतं. घराला लागून झाडाची फांदी आली असेल तर तिथूनच उड्या पडतात, ती छाटून टाका. विजेची तार लावण्याचा विचारसुद्धा नको, त्यात माणसं मेली आहेत.

एक उपाय मला फार आवडला. खाली टिन तसंच ठेवायचं, त्यावर लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि पट्ट्यांवर इंग्रजी (चपटे, मंगलोरी) कवेलू मांडायचे. पाणी टिन अडवतं, ऊन कवेलू अडवतात, आणि मधल्या पोकळीतून वारा जातो. कवेलू फुटला तरी घर गळत नाही. पण वजन बघा. एक इंग्रजी कवेलू दोन-अडीच किलोचा, आणि एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. खालच्या बल्ल्या तेवढं पेलतील का, हे मिस्त्रीला दाखवल्याशिवाय हात घालू नका.

धाब्याची घरं

बुलडाणा, अकोला, वाशिमकडची धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरं उन्हाळ्यासाठीच बांधलेली आहेत. त्यांना थंड करायची गरज नाही, फक्त पाण्यापासून वाचवायची. दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा थर, उतार नीट, पनाळ मोकळं. वरून सिमेंटचा कोबा करू नका. वजन वाढतं, ओल आत अडकते, आणि मयाल (छताखालचं लाकूड) कुजून एक दिवस बसते.

स्लॅब

घरकुलाच्या घरांना बहुतेक स्लॅबच असतो, आणि पहिल्या उन्हाळ्यात लोक म्हणतात की जुनं मातीचं घर बरं होतं. सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. 400 चौरस फुटांच्या स्लॅबला वीस-पंचवीस किलो भट्टीचा चुना लागतो. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतलं की तो उसळून डोळ्यांत उडतो, आणि प्लास्टिकची बादली वितळते. पोरांना लांब ठेवा, चष्मा लावा. रात्रभर भिजू द्या, गाळून घ्या, लाकडाला वापरतात तो पांढरा गम मिसळा, आणि पातळ पातळ तीन हात द्या. प्रत्येक हात देण्याआधी स्लॅब ओला करायचा. सगळा खर्च हजाराच्या आत बसतो. दर फेब्रुवारीत पुन्हा करायचं. एका पावसाळ्यात तो धुपतो, हीच त्याची उणीव.

पैसा असेल तर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर, चौरस फुटाला सत्तर ते शंभर रुपये. तो गळतीही थांबवतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. स्लॅबवर बांबू रोवून तीन-चार फुटांवर हिरवी शेडनेट ताणली तर तीही चांगली, फक्त जूनच्या वावटळीत उडू नये अशी बांधा. स्लॅबवर पाणी साचवून ठेवू नका. मे महिन्यात गावाला प्यायला पाणी नसतं, आणि स्लॅबच्या सळया त्यानं गंजतात.

भिंती

मातीच्या जाड भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करणं ही मी पाहिलेली सगळ्यात महाग चूक. माती श्वास घेते, ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तोंड बांधलं की जमिनीतली ओल आत चढते, दोन-तीन वर्षांत गिलाव्याचे पोपडे मातीसकट सुटतात, आणि मग लोक म्हणतात की भिंतच खराब होती. मातीला मातीच: शेण, कुटार आणि मातीचं लिंपण, वर चुन्याचा पोतारा. पायथ्याला दोन फूट दगडाचा ओटा असेल तर पावसाचे शिंतोडे भिंतीला लागत नाहीत.

पश्चिमेच्या भिंतीला सावली हवी. चार फुटांची छपरी काढली तर उत्तम. नाहीतर भिंतीपासून हातभर सोडून तुराट्यांचा (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) कुड उभा करा. पऱ्हाट्या वापरू नका. त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते, म्हणून कृषी विभागही पऱ्हाटी साठवू नका असंच सांगतो. न्हाणीचं पाणी त्या बाजूला वळवून दोडक्याचा किंवा वालाचा वेल चढवता येतो, फक्त तो उन्हाळ्याच्या आधी वर गेलेला हवा. कडुनिंब लावायचा तर मातीच्या भिंतीपासून दहा-बारा फूट दूर.

दारं-खिडक्या आणि कूलर

सकाळी नऊ वाजता बंद, बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड लागली की उघड्या. एवढा एक नेम पाळला तर जाड भिंतींचं घर दुपारभर रात्रीची थंडाई धरून ठेवतं. कूलर चालू असताना मात्र नियम बदलतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, ती हवा बाहेर पडायला समोरची खिडकी थोडी उघडी लागते. सगळं बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट आणि घामट होते. कूलर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीला, सावलीत बसवा. छप्पर नीट केलेल्या खोलीत लहान कूलर पुरतो, आणि पाण्याच्या घागरी कमी लागतात. त्या घागरी कोण आणतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

परवानगी

रंग, चुना, लिंपण, कवेलू फेरणं, खालून छत बसवणं ही दुरुस्ती आहे, तिला परवानगी लागत नाही. भिंत वाढवणं, उंची वाढवणं, नवी खोली किंवा पक्की छपरी काढणं, पाडून पुन्हा बांधणं हे बांधकाम आहे, आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 प्रमाणे त्याला ग्रामपंचायतीची आगाऊ परवानगी लागते. अर्जासोबत नमुना 8 चा (ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा) उतारा, घरपट्टी भरल्याची पावती आणि साधा नकाशा जोडायचा. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळाली असेल तर तीही जोडा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून बाहेर पडू नका. घर गावठाणाबाहेर असेल तर आधी तहसीलमध्ये विचारा.

मातीचं घर पाडून पक्कं केलं की घरपट्टी बदलते, कारण कर बांधकामाच्या प्रकारावर ठरतो. जुनं ठेवून सुधारण्याचा हा आणखी एक फायदा.

कागदापेक्षा जास्त भांडणं वळचणीच्या पाण्यावरून होतात. छप्पर बाहेर काढताना त्याचं पाणी शेजाऱ्याच्या जागेत पडणार नाही हे पाहा. सामाईक भिंत असेल किंवा घरात भावांचा हिस्सा असेल, तर काम सुरू करण्याआधी साध्या कागदावर त्यांची संमती लिहून घ्या.

लाकडाचंही पाहा. बांधावरचं सागाचं झाड आपलं असलं तरी तोडायला परवानगी आणि न्यायला वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. जंगलाला लागून असलेल्या गावांनी बांबू-बल्ल्यांसाठी निस्तार हक्काची, म्हणजे घरवापरासाठी जंगलातला माल सवलतीत मिळण्याच्या हक्काची, चौकशी वन परिक्षेत्र कार्यालयात करावी, बाजारापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

अनुदान

फक्त घर थंड करण्यासाठी म्हणून गावात वेगळं अनुदान नाही. कुणी त्याच्या नावानं फॉर्म भरायला पैसे मागत असेल तर देऊ नका. पण तीन वाटांनी पैसा येऊ शकतो.

घर कच्चं असेल आणि नाव यादीत असेल तर प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण. साध्या भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. महाराष्ट्र शासनानं 2025 मध्ये यात 50 हजारांची भर घातली, त्यातले 35 हजार बांधकामाला आणि 15 हजार सौर पॅनलला. शौचालयाचे 12 हजार वेगळे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास, ही 2023-24 पासून तीन वर्षांसाठी आखलेली. घरकुल मंजूर असलेल्यांना पाच ब्रासपर्यंत रेती मोफत आहे, ती मागून घ्या. हप्ते बांधकामाच्या टप्प्याच्या फोटोवर सुटतात. स्लॅब टाकून झाला की पैसा संपतो आणि छप्पर उघडं तापत राहतं, म्हणून चुन्याचे हजार रुपये पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा.

दुसरी वाट पीएम सूर्यघर. एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा जास्तला 78 हजार. पॅनल वीज देतात आणि स्लॅबवर सावलीही धरतात. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा झाकली जाते, ती झोपायच्या खोलीवर येईल अशी मांडणी करून घ्या. अनुदान पॅनल बसून सुरू झाल्यावर खात्यात येतं, आधी पैसे स्वतः किंवा बँकेच्या कर्जातून घालावे लागतात. गावात अडतं ते वीजबिलावरच्या नावाला. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी महावितरणमध्ये नाव बदलून घ्या, मग अर्ज.

तिसरी वाट बचत गट. आठ-दहा हजारांचं काम गटाच्या अंतर्गत कर्जातून सहज होतं. पाच घरांनी मिळून तट्टे एकदम सांगितले तर बुरूडही दर कमी करतो, आणि त्याला महिनाभराचं काम मिळतं.

कधी काय

दिवाळीनंतर गळती आणि लाकूड पाहा. माघ-फाल्गुनात तट्टे विणून घ्या, कारण लग्नसराई लागली की बुरूडाला मांडवाच्या कामातून उसंत नसते. होळीच्या आत रंग किंवा चुना. चैत्रात कुड उभा करा आणि कूलरचं गवत बदला. कवेलू मृगाच्या आधी फेरा.

मागची खोली आमच्याकडे अजून उभी आहे. पुढच्या खोलीत आता तट्टा आहे, वर पांढरं टिन. पहिल्या वर्षी मे महिन्यात भरदुपारी मी स्टूल घेऊन पुन्हा तसाच हात वर धरला. धग लागली नाही. कुत्रं मात्र अजून उंबरठ्याच्या आतल्याच बाजूला झोपतं.